दुसऱ्यांचे पेपर

अहिल्या धारप यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं. साताऱ्याहून स्टेनोग्राफरची परीक्षा पास होऊन त्या दिल्लीला आल्या तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. निवृत्त झाल्या तेव्हा एका मंत्रालयात मोठ्या साहेबांच्या खासगी सचिव होत्या. मधल्या काळात कितीतरी साहेब आले नि गेले. कुणी खोलीत येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे, कुणी वाक्य अर्धवट टाकून फोन घ्यायचे आणि परत आल्यावर विचारायचे, "हाँ मैडम, कहाँ थे हम?" अहिल्याताई शेवटचे चार शब्द वाचून दाखवायच्या. त्या खोलीत त्यांचा आवाज एवढाच.

बोलणं व्हायचं ते घरी. नवरा विश्वनाथ रेल्वेच्या हिशेब खात्यात होता आणि दिवसभर आकड्यांत घालवल्याचं उट्टं तो संध्याकाळी काढायचा. मूलबाळ झालं नाही. दोघं सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, मग नोएडाच्या सेक्टर चौतीसमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नव्हती, पण पाय तेव्हा चांगले होते. अहिल्याताई निवृत्त झाल्या आणि दुसऱ्या वर्षी विश्वनाथ गेला. सकाळी चहा पिताना छातीत दुखतंय म्हणाला, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलंच सगळं.

त्यानंतर घरात जी शांतता आली तिची सवय काही होईना. साताऱ्याच्या बहिणीचा फोन यायचा, पण तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, तिचीच ओढाताण. विश्वनाथचा पुतण्या चिन्मय गुरुग्रामला होता. महिन्यातून एकदा विचारायचा, "काकू, सब ठीक?" आणि त्या "बिल्कुल" म्हणायच्या. कधीकधी अख्ख्या दिवसात भाजीवाल्याखेरीज कुणाशी शब्द होत नसे. मग त्या उगाच मेट्रोत बसून राजीव चौकापर्यंत जाऊन यायच्या. डब्यात निदान माणसं तरी दिसायची.

अशातच एका जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर काळा पडदा सरकत आला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, लगेच ऑपरेशन करायला हवं. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. ऑपरेशनच्या दिवशी चिन्मय आला, सह्या केल्या, आणि त्याला त्याच संध्याकाळी ऑफिसच्या कामासाठी परगावी जायचं होतं.

"काकू, अटेंडंट बुक केलीय ना?"

"हो रे. तू निघ."

बुक केली होती हे खरं. ती आलीच नाही, हेही खरं.

डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला होता आणि सांगितलं होतं, मान खाली घालून राहायचं. बसताना खाली, झोपताना पालथं, चालतानासुद्धा जमिनीकडे बघत. तसं केलं तरच तो गॅस पडदा जागेवर दाबून धरेल. जेवायला आणि औषध घालायला तेवढं डोकं वर. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलून अहिल्याताई टॅक्सीने एकट्या घरी आल्या. एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्याला चष्मा लावता येत नव्हता. जिन्याचा कठडा चाचपत त्या पहिल्या मजल्यावर पोचल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या.

वरून कुणीतरी धाडधाड उतरत आलं आणि थांबलं.

"आंटी? चक्कर आ रहा है क्या?"

"नहीं. ऑपरेशन हुआ है. ऊपर नहीं देख सकती."

"घर में कौन है?"

अहिल्याताई कठडा धरून उठायला लागल्या. मुलीने पुन्हा विचारलं नाही. दंडाला धरून तिने त्यांना वर नेलं, पर्समधून किल्ली शोधून कुलूप काढलं, आणि औषधांची पिशवी उघडून स्वतःशीच पुटपुटली, "इतनी सारी बूँदें!"

तिचं नाव निधी. चौथ्या मजल्यावर मुलींचं पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची सोय होती, तिथे राहायची. बरेलीकडची, कुठल्याशा टीव्ही कंपनीच्या ऑफिसात नोकरी, शिफ्ट दुपारची. त्या दिवसापासून ती कामावर जाण्याआधी दोनतीनदा यायची, आणि आल्यावर झोपण्यापूर्वी एकदा. पहिल्यांदा थेंब गालावर पडला. "सॉरी सॉरी, निशाना चूक गया," म्हणून ती हसली. जेवणाच्या टेबलावर दोन उशा थोड्या अंतराने ठेवून तिने मधे फट ठेवली, म्हणजे कपाळ आणि हनुवटी टेकवून बसलं तरी श्वास मोकळा राहील. खिचडी करायची ती कधी कच्ची, कधी लगदा. आणि सतत बोलायची. मॅनेजर कसा चहा पिताना आवाज करतो, पीजीतली एक मुलगी दुसरीचा शाम्पू कसा पाण्याने भरून ठेवते, असलं काहीही. अहिल्याताई फरशीकडे तोंड करून ऐकत राहायच्या. तिच्या थंड बोटांचा कपाळाला स्पर्श व्हायचा, थेंब पडायचा, आणि पापणी मिटताना तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक गव्हाळ धुरकट गोळा दिसायचा.

एका दुपारी खाली बघता बघता अहिल्याताईंचे अश्रू टपटप फरशीवर पडायला लागले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. विश्वनाथ जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून इतके दिवस त्यांनी रडणंही आवरून धरलं होतं. निधी औषधाची बाटली घेऊन शेजारी उभी होती. तिने पायाने एक फडकं ओढलं, फरशी पुसली.

"पानी गिर गया था," म्हणाली. "हो गया साफ़."

अहिल्याताईंना कुणाचं नुसतं घेत राहायची सवय नव्हती. आधी बरं होऊ, चष्मा येऊ दे, मग या मुलीला नीट जेवायला बोलवू, असं त्यांनी ठरवलं होतं. पुरणपोळीचा बेतसुद्धा मनात पक्का झाला होता. डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली त्याच आठवड्यात एका सकाळी निधी घाईघाईने आली. "आंटी, आज भाग रही हूँ," म्हणाली. औषध घातलं आणि गेली. रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा औषधही बरंच कमी झालं होतं, आणि अहिल्याताई ते आरशाशिवाय चाचपडत स्वतः घालायला शिकल्या.

नजर परतायला मार्च उजाडला. नवा चष्मा आला त्या दिवशी त्या चौथ्या मजल्यावर गेल्या. पीजीची मालकीण दारातच उभी राहिली.

"निधी? कौन सी निधी? यहाँ तो तीन-तीन निधी रहकर गईं. सरनेम क्या था?"

अहिल्याताईंना सांगता येईना. इतके दिवस ती मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात वावरली, आणि त्यांनी तिचं आडनाव विचारलं नव्हतं. वडील काय करतात, तू जेवलीस का, काही विचारलं नव्हतं. फोन नंबर घ्यायची वेळच आली नव्हती, ती आपणच येत होती.

"टीवी वाली? वो शायद मानेसर चली गई. नई नौकरी," एक मुलगी आतून म्हणाली. "या वो दूसरी थी. पता नहीं आंटी."

पुढचे काही महिने अहिल्याताईंना एक विचित्र खोड लागली. मेट्रोत, बाजारात, एटीएमच्या रांगेत पंचविशीतली मुलगी दिसली की त्या तिच्याकडे बघत राहायच्या. ही असेल? एकदा आवाज सारखा वाटला म्हणून एका मुलीच्या मागे त्या प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मुलीने वळून पाहिलं, चेहऱ्यावर ओळख नव्हती, थोडी भीतीच होती. अहिल्याताई "सॉरी बेटा" म्हणून मागे फिरल्या. आपल्याला ज्या माणसाने सांभाळलं ते शेजारून गेलं तरी आपल्याला कळणार नाही, हे त्यांना फार लागलं. आभार मानायला समोर कुणी नाही, आणि ते ओझं घरातल्या शांततेत भरच घालत होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात डोळ्यांच्या तपासणीहून त्या परत येत होत्या. मेट्रोत शेजारच्या सीटवर पांढरी काठी घेतलेली एक मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती.

"कल पेपर है, और आज मना कर रहा है! अब मैं राइटर कहाँ से लाऊँ?"

फोन बंद करून तिने काठी दोन्ही मुठींत गच्च धरली. अहिल्याताईंना नीट कळलं नव्हतं, तरी त्यांनी विचारलं, "क्या लिखना होता है?"

मुलीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. ती एम.ए.ला होती, इतिहास विषय, जन्मापासून अंध. ती उत्तरं तोंडी सांगणार आणि लेखनिकाने ती पेपरात लिहायची. आयत्या वेळी माणूस फिरला होता.

"मैं लिख दूँ?" अहिल्याताई म्हणाल्या, आणि स्वतःच चपापल्या. "हिंदी में लिख लेती हूँ. ज़िंदगी भर डिक्टेशन लिया है."

"आप कितना पढ़ी हैं?" मुलीने एकदम सावध होऊन विचारलं.

"सिर्फ़ बी.ए."

"इतिहास में तो नहीं?"

"नहीं, मराठी में."

"तब तो बढ़िया है!" मुलीचा चेहरा उजळला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा, असा त्यांच्याकडे नियम होता. पुढे शिकायचं राहून गेलं याची हळहळ अहिल्याताईंना वर्षानुवर्षं वाटत आली होती. त्याचा कुणाला इतका आनंद होईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मुलीचं नाव अलकनंदा. गढवालमधल्या पौडीजवळच्या गावाची. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या एका वेगळ्या खोलीत पंख्याखाली दोघी शेजारी बसल्या. अहिल्याताईंनी प्रश्न वाचून दाखवले, अलकनंदाने क्षणभर डोकं मागे टेकवलं आणि सांगायला सुरुवात केली. ती सावकाश सांगायची, स्वल्पविरामासकट. अहिल्याताईंचा हात पळू लागला. किती दिवसांनी कुणीतरी त्यांना काही सांगत होतं, आणि त्यातला शब्द न शब्द महत्त्वाचा होता.

तिसऱ्या प्रश्नात अलकनंदा म्हणाली, "पानीपत की तीसरी लड़ाई, सन सत्रह सौ सत्तावन..."

अहिल्याताईंचा हात थबकला. सत्तावन? साताऱ्याच्या शाळेतलं कुठलंही पोर झोपेतून उठवलं तरी सतराशे एकसष्ट सांगेल. आकडा ओठांवर आला. समोर पर्यवेक्षक वर्तमानपत्र चाळत होते, त्यांचं लक्षही नव्हतं. नुसता आकडाच तर होता.

"रुक क्यों गईं?" अलकनंदाने हळूच विचारलं. मग आणखी हळू, "गलत बोला क्या? बताइएगा मत."

अहिल्याताईंनी लिहिलं, सत्तावन. शेवटी उत्तरं परत वाचून दाखवताना तो आकडा आला तेव्हा आवाजात जराही चढउतार होऊ नये म्हणून त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली. अलकनंदाच्या काही लक्षात आलं नाही. पेपर जमा झाला.

बाहेर कडक ऊन होतं. कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून अलकनंदा बाटलीतून पाणी पीत होती. मधेच तिला ठसका लागला.

"इकसठ! हे भगवान, इकसठ था! सत्तावन तो प्लासी है." मग तिने बाटली खाली ठेवली. "आपको पता था?"

"हमारे यहाँ सबको पता होता है," अहिल्याताई म्हणाल्या.

"फिर भी लिख दिया?"

"तुमने जो बोला, वही लिखा."

अलकनंदाने चाचपून बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, मागच्या एका लेखनिकाने तिला न सांगता उत्तरं सुधारली होती. तिला चांगले मार्क पडले, घरी पेढे वाटले, आणि नंतर त्याने मोठेपणाने तिला ते ऐकवलं. "वो नंबर मेरे थे या उसके, आज तक समझ नहीं आया. आपने ठीक किया, आंटी. बाकी के पेपर भी लिखेंगी?"

अहिल्याताईंनी ते सगळे पेपर लिहिले. शेवटच्या पेपरानंतर दोघी कँटीनमध्ये छोले-भटुरे खात असताना अलकनंदाने विचारलं, "आप ये करती क्यों हैं? इतनी दूर से, इस गर्मी में."

त्या वेळी अहिल्याताईंनी पहिल्यांदाच कुणाला तरी निधीबद्दल सांगितलं. चिन्मयला नाही, बहिणीला नाही, या मुलीला सांगितलं. थेंब, उशा, फरशी, चौथा मजला. "सबसे बुरा यही लगता है," त्या शेवटी म्हणाल्या, "कि उसका चेहरा भी नहीं देखा."

अलकनंदा भटुऱ्याचा तुकडा बोटांनी शोधत होती. "चेहरा?" ती म्हणाली. "आंटी, मैंने तो आज तक किसी का नहीं देखा."

तिने ते दुखावून म्हटलं नव्हतं, समजावूनही नाही. वस्तुस्थिती सांगितली आणि लोणचं मागितलं. अहिल्याताईंनी वाटी तिच्या हाताशी सरकवली. त्यानंतर मेट्रोत मुलींचे चेहरे न्याहाळण्याची त्यांची खोड हळूहळू सुटली. कधी सुटली, ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

अलकनंदाने आपल्या ओळखीच्या मुलामुलींना त्यांचा नंबर दिला. मे आणि डिसेंबर हे त्यांचे कामाचे महिने झाले. इतिहास, राज्यशास्त्र, हिंदी साहित्य. त्या पहाटेच उठून आवरायच्या, डबा घ्यायच्या, दोनदा गाडी बदलून पोचायच्या. चिन्मय एकदा म्हणाला, "काकू, या वयात एवढी दगदग कशाला? यार, ऑनलाइन डोनेशन कर दो ना." त्या म्हणाल्या, "अरे, मला बसून लिहायला आवडतं." याहून जास्त त्याला सांगावंसं वाटलं नाही.

पेपर चालू असेपर्यंत तीन तास एक माणूस अगदी जवळ असायचं. त्याचा श्वास ऐकू यायचा, तो कुठे अडखळतो, कशाला घाबरतो, सगळं कळायचं. आणि मग घंटा व्हायची. काही मुलं निकालाचा फोन करायची, बरीच करायची नाहीत. अहिल्याताई वाट बघायच्या नाहीत असं त्या म्हणायच्या, पण निकालाच्या दिवसांत फोन स्वयंपाकघरात ओट्यावरच ठेवलेला असायचा.

अलकनंदा पास झाली, बी.एड. झाली, पौडीच्या शाळेत शिक्षिका झाली. पहिल्या वर्षी तिचा दर रविवारी फोन. मग पंधरवड्याने, मग दिवाळी-होळीला. तिचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका आली. अहिल्याताईंना तेव्हा ताप होता, जाता आलं नाही.

गेल्या डिसेंबरात त्यांनी समर्थ नावाच्या एका मुलाचा पेपर लिहिला. दाट धुकं पडलं होतं, गाड्या रखडत होत्या, त्या जेमतेम वेळेत पोचल्या. मुलगा आधीच चिडलेला. "नेहमीचा राइटर आला नाही," असं त्याने हिंदीत पर्यवेक्षकांना तीनदा ऐकवलं. मग अहिल्याताईंना, "जल्दी लिखिए. और जल्दी." थंडीने त्यांची बोटं आखडली होती, एकदा पेन हातातून पडलं, तेव्हा तो जोरात उसासला. घंटा झाली तशी भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. दोघं बोलत बोलत जिना उतरले. नाव विचारायचंही त्याच्या ध्यानात आलं नाही.

अहिल्याताई रिकाम्या खोलीत बोटं चोळत बसल्या. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण डबा उघडून पोळीचा पहिला घास घेताना त्यांच्या मनात आलं, पोराने उत्तरं मात्र सुरेख सांगितली. शेवटचं तर फारच. ते वाक्यावाक्याने आपल्या हातून उतरलं होतं, आणि ते दुसऱ्या कुणाला माहीत असायची गरज नव्हती. खाल्लं, डबा विसळला, शाल गुंडाळली आणि त्या निघाल्या.

घरी येऊन त्यांनी हीटर लावला. कपभर चहा घेतला. तेवढ्यात फोन वाजला. अलकनंदा होती. ना दिवाळी, ना होळी.

"आंटी, यहाँ बर्फ़ गिरी है. सब चिल्ला रहे हैं, तो सोचा आपको बता दूँ."

"कैसी है?" अहिल्याताईंनी विचारलं, आणि प्रश्न चुकला की काय म्हणून थांबल्या.

"चुप," अलकनंदा म्हणाली. "बर्फ़ में सब आवाज़ें दब जाती हैं. मुझे थोड़ा डर लगता है, सच बताऊँ तो. रास्ता समझ में नहीं आता." मग जरा वेळाने, "आप गर्मियों में आइए ना. इस बार पक्का."

"मई में तो पेपर होते हैं, बेटा."

"तो जून में."

"जून में," अहिल्याताई म्हणाल्या. खिडकीबाहेर धुक्यात समोरची इमारतही दिसत नव्हती. "समर्थ नाम का लड़का था आज. बहुत अच्छा बोला. तुम्हें बताऊँ, क्या बोला?"

"बताइए," अलकनंदा म्हणाली.

अहिल्याताईंनी खुर्ची हीटरजवळ ओढली आणि त्या परक्या मुलाचं शेवटचं उत्तर आठवेल तसं, स्वल्पविरामासकट, तिला सांगायला सुरुवात केली.